ओढ्यापलीकडची काटेरी बोंडे

पूर्वी उदुंबरनगरात पुष्करसेन राजा राज्य करीत असताना, म्हणजे मुख्यतः शिकार करीत असताना, बोधिसत्त्व हिमालयाच्या उतारावर अस्वल होऊन जन्मले होते.

त्या रानात चेस्टनटची झाडे होती. फळाचे बोंड साळिंदरासारखे काटेरी, आत गुळगुळीत तपकिरी, पिठूळ गोड बी. ओढ्याच्या अलीकडची झाडे माणसांची, पलीकडची अस्वलांची, असा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा पाळला जाई. ओढा ओलांडणारा मात्र जिवाला मुके.

त्या वर्षी राजाने हरणे उठवण्यासाठी अलीकडचे गवत पेटवले. हरणे पळाली. झाडांना पळता आले नाही.

बर्फ तोंडावर आले होते. बोधिसत्त्वांनी फांद्या वाकवून बोंडांचा ढीग घातला होता. वणव्याच्या धुराने ते बरेच दिवस गुहेतच अडकले होते, त्यामुळे अंगावर अजून बोटभरही चरबी नव्हती. असे अस्वल थंडीत झोपते, पण उठत नाही. हा ढीगच त्यांचा हिवाळा होता.

त्या दुपारी चुलतभाऊ दंतुर धापा टाकीत आला. ‘‘दादा, माणूस! तुझ्या ढिगावर!’’

एक बाई, पाठीशी तान्हे पोर बांधलेली, उघड्या हातांनी बोंडे फोडत होती. बोटे रक्ताळली होती, टोपलीचा तळही झाकला नव्हता. दंतुर वळसा घालून ओढ्याशी, तिची परतीची वाट अडवून बसला. बोधिसत्त्व झुडपातून पुढे झाले.

बाई उठली नाही. पळून उपयोग नाही हे तिला दिसत होते.

‘‘अस्वलमामा,’’ ती म्हणाली, ‘‘घरी आंधळी सासू न् दोन पोरं उपाशी आहेत. खायचं तर खा मला. पण काय ते लवकर ठरवा, हे पाठीवरचं उठलं की गाव गोळा करील.’’

बोधिसत्त्वांच्या पोटात आग होती. ओढ्याकडून दंतुर गुरगुरला, ‘‘बघतोस काय? रिवाज तिने मोडला. आज दिलेस तर या थंडीत झोपशील तो झोपशीलच.’’

बोधिसत्त्वांनी पंजा उचलला. बाईने डोळे मिटले.

पंजा पडला तो बोंडावर. कडकन आवाज झाला, बिया घरंगळल्या. मग दुसरे बोंड, तिसरे. अस्वलाच्या तळव्याला जे जमते ते माणसाच्या बोटांना जमत नाही. बाईने एक डोळा उघडला, मग दुसरा. आणि विचारत न बसता टोपली पुढे ओढली. ढीग संपला तेव्हा टोपली काठोकाठ होती.

बाई टोपली उचलून निघाली, पण ओढ्याशी दंतुर वाट अडवून होता. बोधिसत्त्व त्या दोघांच्या मधून चालू लागले.

‘‘धर्म खुशाल कर,’’ दंतुर म्हणाला, ‘‘पण रिवाजाचं काय?’’

‘‘रिवाज बिया वाटून घ्यायला होता. तिच्या वाट्याची तर राखच उरली.’’

‘‘म्हणून आपल्यातलं द्यायचं?’’

‘‘माझ्यातलं दिलं. तुझा ढीग तिकडे आहे, मोजून ये.’’

दंतुर खरोखरच पाहायला गेला. तेवढ्यात बाई पार झाली. आपल्या काठावरून वळून तिने विचारले, ‘‘मामा, अन् तुम्ही काय खाणार?’’

बोधिसत्त्व गुहेकडे वळले.

अशा वेळी शक्राचे, म्हणजे इंद्राचे, आसन तापते आणि तो धावत येतो, असे म्हणतात. त्या वर्षी थंडी फार असावी. आसन तापले नाही. वसंतात बर्फ वितळले, दंतुर आळस देत बाहेर आला. बोधिसत्त्व आले नाहीत.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, ‘‘भिक्षूंनो, ती बाई म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी वल्लिका. दंतुर म्हणजे भिक्षू धनिक, जो आज सकाळी आजाऱ्याला आपल्या भिक्षेतला घास देताना कुरकुरला. आणि ते अस्वल मीच होतो.’’

धनिकाने मान खाली घातली. शास्त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. आपल्याजवळ उरणार नाही हे ठाऊक असतानाही जे देणे, ती दानपारमिता, एवढेच त्यांनी सांगितले. धनिक पात्र घेऊन आजाऱ्याच्या कुटीकडे गेला.