वनगान चालू असताना

एक जंगल होतं. जंगलात नदी होती, नदीकाठी मोठा माळ होता, आणि त्या माळावर दर वर्षी शर्यती व्हायच्या. एरवी जंगलात विशेष काही घडत नसे, कारण तिथे सरकार होतं.

या जंगलात टिपरी नावाची एक चिंकारा राहायची. चिंकारा म्हणजे हरणांतली लहान चणीची, लांब पायांची जात. टिपरी पळायला लागली की धूळ उठायची, पण त्या धुळीला टिपरी कधी सापडायची नाही.

त्या वर्षी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक खेळाआधी वनगान होईल आणि ते संपेपर्यंत प्रत्येकाने जागच्या जागी उभं राहायचं. वनगान म्हणजे महाराजांच्या आजोबांची डरकाळी. शिकारीला निघताना ते ती फोडत असत. तिच्यात शब्द नव्हते, त्यामुळे अर्थावरून वाद होण्याची भीती नव्हती.

तरीही चर्चा झालीच. सापाने विचारलं, उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याला सांगण्यात आलं, की भावना उभी राहिली तरी पुरे. बगळ्याने विचारलं, एका पायावर चालेल का? त्याचा दुसरा पाय कोणाच्या बाजूचा आहे, याची चौकशी लागली. विरोधी पक्षाचे वानर तर फांदीवर उभे राहून कडाडले, "या फर्मानाचा आम्ही तीव्र निषेध करतो! वनगान एकदाच का? दोनदा झालं पाहिजे!"

शर्यतीचा दिवस आला. महाराजांनी मंडपातून स्वतः वनगान सुरू केलं. अख्खा माळ ताठ उभा राहिला. फक्त टिपरी राहिली नाही.

त्यात तिचा फारसा दोष नव्हता. तिची आई खैरी हिने तिला दूध सुटायच्या आधीपासून एकच गोष्ट शिकवली होती. "हा आवाज आला की मागे बघायचं नाही. कोण, काय, कशाला, ते नंतर विचारू. आधी पळ." टिपरीच्या वडिलांनी एकदा आधी विचारलं होतं.

महाराज दुसरा श्वास घेत होते, तोवर टिपरी शर्यतीची शेवटची रेघ ओलांडून नदीपर्यंत पोचली होती.

"वनद्रोही! वनद्रोही!" माळ ओरडू लागला. ओरडताना मात्र सगळे ताठच उभे होते.

चौकशी क्रीडामंत्री तरसराव यांच्याकडे गेली.

"वनगान सुरू झाल्यावर तू पळालीस?"

"मी नाही साहेब, पाय पळाले."

"पाय कोणाचे?"

"माझेच."

"म्हणजे कबूल."

"साहेब, हा आवाज ऐकून आमच्यात कोणी थांबत नाही. जे थांबले, ते आमच्यात उरले नाहीत."

तरसराव म्हणाले, "हा इतिहास झाला. आपण खेळाबद्दल बोलतोय."

टिपरीला बंदी घालणं परवडणारं नव्हतं. शेजारच्या जंगलाला हरवायला तीच लागायची. म्हणून ठरलं, की वनगानाच्या वेळी तिचे पुढचे पाय वेलीने बांधायचे. "हे बंधन समजू नकोस," तरसराव मायेने म्हणाले, "हा आधार आहे." विरोधी पक्षाचाही मान राखला गेला आणि वनगान दोनदा होऊ लागलं. भक्ती वाढावी म्हणून डोळे मिटणंही सक्तीचं झालं. सगळ्यांनी नीट मिटलेत की नाही ते बघायला शिस्तप्रमुख नेमला. हे काम बिबट्याने बिनपगारी पत्करलं, त्याचं फार कौतुक झालं.

त्यानंतर वनगान संपून डोळे उघडले, की माळावर थोडी ऐसपैस जागा झालेली असायची. कधी एखादा ससा दिसायचा नाही, कधी रानडुकराचं पोर. कोणी विचारलंच तर बिबट्या म्हणायचा, "भारावून घरी गेले असतील."

मोठ्या शर्यतीला टिपरीची धाकटी बहीण लवंगी आली होती. ती पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी डोळे घट्ट मिटून उभी राहिली. टिपरी सुरुवातीच्या रेघेवर होती, पाय बांधलेले. वनगान सुरू झालं. त्या गडगडाटाखाली टिपरीच्या कानांना गवतावर पडणारी मऊ पावलं ऐकू आली. तिने डोळे उघडले.

बाजारात भाजी बघत फिरावं, तसा बिबट्या रांगांमधून फिरत होता. लवंगीच्या मागे येऊन तो थांबला.

वनगान चालू असताना डोळे उघडणं गुन्हा होता, हलणं गुन्हा होता आणि बोलणं तर फारच मोठा गुन्हा. टिपरीने सगळे एकदमच केले.

"लवंगे, पळ!" असं किंचाळून तिने बांधल्या पायांनी उडी घेतली आणि ती तोंडावर आपटली.

लवंगी पळाली. तिच्या मागे रांग पळाली आणि रांगेमागे अख्खा माळ उधळला. एवढी भाजी एकदम पळायला लागल्यावर बिबट्याला काय निवडावं ते कळेना. शेवटी त्याची नजर धुळीत धडपडणाऱ्या टिपरीवर गेली. पण तेवढ्यात पळत्या कळपातून एक चिंकारा उलटी फिरली. ती खैरी होती. तिने दातांनी वेल तोडली, आणि मायलेकी बिबट्याच्या पंजाखालून निसटल्या.

नदीपलीकडे पोचल्यावर टिपरी धापा टाकत म्हणाली, "आई, तू मागे बघितलंस."

"चुकलं माझं," असं म्हणून खैरी तिच्या फुटलेल्या हनुवटीवरचं रक्त चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरकारने जाहीर केलं, की वनगानाने भारावून जनता उत्स्फूर्तपणे धावली. शर्यत कोण जिंकलं ते जाहीर झालं नाही.

संध्याकाळी कावळ्यांनी मोठ्या झाडावर चर्चा ठेवली. 'खेळांना गर्दी का कमी होत चालली आहे?' असा विषय होता. तज्ज्ञ म्हणून बिबट्याला बोलावलं होतं. आजच्या पिढीत निष्ठाच उरली नाही, असं त्याने सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं.