वस्तादाची कुदळ

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की पैलवानाला फोटो काढून घ्यायची घाई नव्हती. तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक वस्ताद राहायचा. वस्ताद म्हणजे कुस्ती शिकवणारा. गावात तालीम होती, तालमीत लाल मातीचा हौदा होता आणि मागं दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत वस्ताद आणि त्याची बायको राहायची.

गावाची रीत मोठी कडक. दरवर्षी जत्रेत तालमीतल्या कुणीही वस्तादाला आव्हान द्यावं. जो जिंकेल तो वस्ताद. तालीम त्याची, खोल्या त्याच्या, आणि वर्षभर रोज पहाटे हौदा खणायचं कामही त्याचंच. बाहेरगावची माणसं हे ऐकून हसायची. म्हणायची, "अहो, खणायचं काम हरलेल्याला द्या की! जिंकलेल्याला कसली शिक्षा?"

वस्ताद सांगायचा, "हरलेल्याचं अंग दुखतंय, त्याला बसू दे. जिंकलेल्याच्या अंगात मस्ती भरते. ती मातीत जिरायला नको व्हय?"

तीस वर्षं वस्तादाला कुणी हरवलं नाही, म्हणून तीस वर्षं कुदळ त्याच्याच हातात. पहाटे उठायचं, हौदा खणायचा, ढेकळं फोडायची, मातीत ताक, तेल आणि हळद कालवायची. शेवटी बोटांनी चाचपून एकेक खडा वेचायचा. "पोरांच्या पाठीला खडा लागता कामा नये," एवढंच त्याचं म्हणणं. ज्या पोराच्या घरी दूध नसेल त्याच्यासाठी वस्तादाची म्हैस होती. बायको कुरकुरायची, "आपल्याला दही लावायला तरी उरू द्या!" आणि पेला मात्र काठोकाठ भरून आणायची.

त्या तालमीत गुरवाचा सुबराव आठ वर्षांचा असताना आला होता. आता चांगला दांडगा जवान झाला होता. एक दिवस तो पहाटे लवकर आला आणि दारातच थबकला. वस्ताद हौद्यात बसला होता, आणि काही केल्या त्याला उठता येत नव्हतं. उजवा गुडघा साथ देत नव्हता. कुदळीचा आधार घेत, दात-ओठ खात तो कसाबसा उभा राहिला आणि पुन्हा खणायला लागला.

सुबराव पुढं झाला. "वस्ताद, आणा ती कुदळ इकडं."

"मला हरवलंस का?"

"न्हाई."

"मग हात लावायचा न्हाई. रीत म्हणजे रीत!"

सुबराव तडक पाटलाकडं गेला आणि जत्रेच्या आव्हानाला त्यानं आपलं नाव दिलं.

झालं! गावात नुसता गलका. "ज्याच्या हातचं दूध प्यायला त्याच्यावरच उलटला!" "म्हाताऱ्याला घराबाहेर काढतोय!" सुबरावाची आई पाणवठ्यावर जायची बंद झाली. सुबरावानं मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पाटील वस्तादाचा लहानपणापासूनचा दोस्त. जत्रेला दोन दिवस उरले तेव्हा तो तालमीत येऊन हळूच म्हणाला, "गड्या, पोरगं तयारीचं आहे. पण तुझ्या ढाकेची तोड त्याला येत नाही ना?"

ढाक हा वस्तादाचा हुकमी डाव. बगलेतून धरून एकदा त्यानं ढाक मारली की समोरचा अस्मान बघायचा. त्या डावातून सुटायची युक्ती, म्हणजे त्याची तोड, एकट्या वस्तादाला ठाऊक होती.

"न्हाई शिकवली अजून," वस्ताद म्हणाला. "पोरं तयार नव्हती."

"मग सुटलास! आता जत्रेपर्यंत तोंड मिटून बस," म्हणत पाटील खुशीत निघून गेला.

वस्ताद मात्र बसल्या जागी खाली मान घालून राहिला. पोरं तयार नव्हती, हे खोटं होतं. सुबराव तीन वर्षांपूर्वीच तयार झाला होता. पण तेव्हाच गुडघा दुखायला लागला होता, आणि वस्तादाच्या मनात आलं होतं, ही तोड दिली तर आपण हरणार, आणि हरलो तर खोल्या जाणार. म्हणून त्यानं आज-उद्या करत ती दाबून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती धान्य निवडत होती, ते सूप तसंच मांडीवर राहिलं.

"आणि हरलात तर? ह्या वयात ट्रंक उचलून जायचं कुठं?"

"ते मलाही ठाऊक न्हाई. पण पोरगं माझ्याकडं शिकायला आलंय आणि मी त्याच्यापासून लपवून ठेवलंय."

ती सूप बाजूला ठेवून उठली. "बोलवा त्याला. दोघांसाठी दूध तापवते."

सुबराव आला. वस्तादानं त्याला हौद्यात उभं केलं आणि म्हणाला, "तीन वर्षं एक गोष्ट तुझ्यापासून लपवली मी. चुकलं माझं. आता नीट बघ."

सुबराव गडबडला. "वस्ताद, परवा कुस्ती आहे आपली!"

"म्हणूनच आज शिकवतोय. नंतर शिकून काय उपयोग?"

आणि त्यानं तोड शिकवली. पाय कुठं टाकायचा, कंबर कधी फिरवायची, वजन कुठल्या क्षणी सोडायचं, सगळं. चाळीस वेळा करून घेतली. शेवटी दम खात म्हणाला, "आणि ऐक, परवा मी सोडून देणार न्हाई हां. तुला चीत करायलाच उतरणार!"

"मीही सोडणार न्हाई," सुबराव म्हणाला.

जत्रेच्या दिवशी पंचक्रोशी लोटली. हलगी कडाडली. वस्ताद खरंच वाघासारखा लढला. दोनदा त्यानं सुबरावाला गुडघ्यावर आणलं. तिसऱ्यांदा बगलेत हात घातला. ढाक! लोक ओरडत उभे राहिले. पण सुबरावानं पाय टाकला, कंबर फिरवली, वजन सोडलं, आणि पुढच्या क्षणी तीस वर्षं न हरलेल्या वस्तादाची पाठ मातीला लागली.

सगळं मैदान चिडीचूप झालं. आणि खालून वस्तादाचा आवाज आला, "पाय झकास पडला रं! वजन जरा उशिरा सोडलंस!"

पाटलानं जड हातानं सुबरावाला फेटा बांधला. "तालीम तुझी, खोल्या तुझ्या. वस्तादाला सामान हलवायला चार दिवस दे."

"सामान कशाला हलवायचं?" सुबराव म्हणाला. "खोल्या माझ्या ना? मग त्यात कुणी राहायचं ते मी ठरवणार. वस्ताद आणि काकू तिथंच राहतील. मला त्यातलं काहीच नको होतं. मला फक्त कुदळ पाहिजे होती. मागून देईनात, म्हणून जिंकून घ्यावी लागली."

तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या बायकांनी नावं ठेवली होती त्याच पदरानं डोळे पुसायला लागल्या. पाटील घसा खाकरत दुसरीकडं बघायला लागला. आणि वस्ताद? तो पोरासारखा रडला, चारचौघांत, अजिबात न लाजता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं त्याला जाग आली. दारामागं हात घातला तर कुदळ नव्हती. हौद्याकडून धप्, धप् आवाज येत होता. तो घोंगडं पांघरून पायरीवर येऊन बसला आणि थोडा वेळ नुसता ऐकत राहिला. मग हाक मारली, "सुबराव, कोपऱ्यातले खडे राहिले बघ!"

"वेचतोय, वस्ताद!" आतून आवाज आला.

तात्पर्य: शिकवताना काही लपवून ठेवू नये. आपल्याला हरवील असा एक जरी आपल्या हातून घडला, तरी आपलं काम आपल्यामागं चालू राहतं.