गुणवंताची घासाघीस

घाटाच्या पायथ्याशी खैरवाडी नावाचे गाव होते आणि त्या गावात गुणवंत नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. ‘भोळा’ हा शब्द गावाने सौजन्यापोटी योजलेला. नेमका शब्द दोन अक्षरांचा आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. नाव ठेवताना त्याच्या वडिलांनी घाई केली; नावे ठेवायला मात्र गावाने पुरेसा वेळ घेतला.

वडील गेल्यावर गुणवंताच्या घरात दोघीच उरल्या : एक जुनी मोटार आणि आई यमुनाबाई. मोटार खोकत असे, आई बोलत असे. दोघींचेही गुणवंतावाचून अडत नव्हते. गुणवंताचे मात्र दोघींवाचून अडत होते.

त्याचे लग्न जमत नव्हते. मुलीकडची माणसे येत, त्याच्याशी दोन वाक्ये बोलत आणि चहाची वाट न पाहता निघून जात. अखेर घाटावरच्या तांबुळे गावातून रंगनाथरावांचा निरोप आला. “मुलगा स्वतःच्या गाडीनं घाट चढून येऊ दे. ज्याला गाडी सांभाळता येत नाही, तो माझ्या मंदाकिनीला काय सांभाळणार?”

“गुणवंता,” यमुनाबाई म्हणाल्या, “हे शेवटचं स्थळ समज. ह्यापुढं मी कुणाच्या दारात जायची नाही.”

गाडी मात्र घाट चढेना. पहिल्या वळणावर इंजिन गर्जना करी आणि गाडी मागे येई. गावातल्या भानुदास मिस्त्रींनी ती खोलली आणि आतून एक काळपट चकती बाहेर काढली.

“क्लच प्लेट झिजली बघ. इंजिनाचा जोर हिच्यामार्फत चाकांकडं जातो. ही झिजली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढं जात नाही.”

गावात असे दोन पुढारीही होते. पण त्यांचे सुटे भाग मिळत नसत.

“सगळा सेट बदलला तर उत्तम,” मिस्त्री म्हणाले, “पण तुझे पैसे बेताचे. हिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट अजून धड आहे, ती राहू दे. पेठेत हेमराज शेटजींकडं जा नि नुसती क्लच प्लेट आण. ते सांगतील त्या भावाला घेऊ नकोस. चांगली घासाघीस कर.”

“किती वेळ करू?”

“भरपूर कर.”

ह्या प्रश्नावरच मिस्त्रींनी सावध व्हायला हवे होते. पण आपण बोललो म्हणजे समोरच्याला कळले, असे मानणाऱ्यांची संख्या जगात मूर्खांहून मोठी आहे. गुणवंताने मान डोलावली. मिस्त्रींना तेवढे पुरले.

पेठेत गुणवंताने शेटजींनी सांगितला तो भाव मुकाट्याने दिला, कोरी करकरीत प्लेट घेतली आणि दुकानाच्या दगडी पायरीवर बसून ती घासू लागला. एक बाजू झाली, मग दुसरी. उन्हे कलली तेव्हा शेटजी बाहेर आले.

“अहो, हे काय चालवलंय?”

“घासाघीस.”

“ती माल घ्यायच्या आधी करतात!”

“आधी तुमची वस्तू घासली असती, तर तुम्ही रागावला असता,” गुणवंत समजुतीच्या स्वरात म्हणाला.

मिस्त्रींनी ती प्लेट हातात घेतली, उजेडात धरली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अरे, ही तर जुनीपेक्षा पातळ झाली!”

“तुम्हीच म्हणालात, भरपूर कर.”

“गाढवा, घासाघीस हातानं करायची नसते! तोंडानं करायची असते! दुकानदाराशी!”

गुणवंताने मान डोलावली.

यमुनाबाईंनी दारची शेळी विकली. पैसे मुलाच्या हातात ठेवताना त्या म्हणाल्या, “आता शेळी नाही, बाबा. नीट कर.”

गुणवंत पुन्हा पेठेत गेला. त्याची दाढी बरीच वाढली होती. शेटजी गादीवर लोडाला टेकून बसले होते. गुणवंत थेट गादीवर चढला, शेटजींच्या गळ्यात हात घातला आणि त्यांच्या गालावर आपला गाल घासू लागला.

“अरे, अरे! सोड! कोण आहे रे तिकडं?”

“हलू नका शेटजी. मागच्या खेपेला माझी चूक झाली. घासाघीस तोंडानं करायची असते. दुकानदाराशी.”

“भाव उतरवतो, बाबा! निम्म्यात देतो! पण बाजूला हो!”

शेटजींचा गाल सोलवटला आणि भाव उतरला. इतकी यशस्वी घासाघीस त्या पेठेत पूर्वी कधी झाली नव्हती. शेटजींनी हाताला लागले ते पहिले खोके गुणवंताच्या अंगावर टाकले आणि दार लावून घेतले.

मिस्त्रींनी खोके उघडले. आत जेवणाच्या ताटाएवढी चकती होती.

“ही ट्रॅक्टरची आहे.”

“निम्म्यात मिळाली.”

मिस्त्री खोके बंद करून खाली बसले. मग लहान मुलाला सांगावे तसे सांगू लागले. सांगण्याची हौस फार वाईट असते. ऐकणारा कोण आहे, हे ती पाहू देत नाही.

“ही बदलून आण. आणि नीट ऐक. नवी घेताना जुनी शेजारी ठेवायची. दोघींचं माप ताडून बघायचं. डोळ्यांत तेल घालून बघायचं. आणि आधीच विचारून ठेवायचं, चालली नाही तर परत घ्याल ना? समजलं?”

गुणवंताने मान डोलावली.

तिसऱ्या खेपेला त्याला येताना पाहून शेटजींनी दोन्ही गाल दोन्ही हातांनी झाकले. “तिथंच थांब. लांबून बोल.”

गुणवंताने खिशातून गोडेतेलाची बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब थेंब तेल सोडले. मग काहीही न दिसणाऱ्या डोळ्यांनी जुनी प्लेट फळीवर ठेवली आणि ट्रॅक्टरच्या चकतीबदली शेटजींनी लांबूनच सरकवलेली नवी तिच्याशेजारी घेऊन तेलकट बोटांनी चाचपू लागला.

“चालली नाही तर परत घ्याल ना?”

“घेईन. पण तू येऊ नकोस, दुसऱ्या कुणाला तरी पाठव.”

माप तंतोतंत जुळले. प्लेटवर तेलाचे डाग पडले होते. मिस्त्रींनी ते पुसून काढले, शिव्या दिल्या, आणि माप पाहताच शिव्या आवरल्या.

“शाबास! जुनी शेजारी ठेवलीस म्हणून ह्या वेळी फसला नाहीस. हे जन्मभर लक्षात ठेव.”

गुणवंताने मान डोलावली. आयुष्यात मिळालेली ही पहिलीच शाबासकी असल्यामुळे त्याने ते खरोखर लक्षात ठेवले.

गाडी घाट चढली. वळणामागून वळण मागे टाकत रंगनाथरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. रंगनाथराव प्रसन्न झाले. यमुनाबाईंनी वाटेत मुलाला बजावले होते, “कुणी विचारल्यावाचून तोंड उघडू नकोस.” त्याने उघडले नाही. त्यामुळे तो गंभीर आणि विचारी दिसत होता. चहा आला, मंदाकिनी समोर येऊन बसली, आणि लग्नाच्या बोलण्यांत प्रथमच गुणवंताने चहा संपवला. यमुनाबाईंचे डोळे भरून आले.

“मुलगा आम्हाला पसंत आहे,” रंगनाथराव म्हणाले. “जावईबापू, तुम्हाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा.”

गुणवंताने कप खाली ठेवला.

“चालली नाही तर परत घ्याल ना?”

“कोण, गाडी?” रंगनाथरावांनी हसून विचारले.

“गाडी चालते. मुलगी.”

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. गुणवंत उठला, त्यांना दंडाला धरून उभे केले, नेऊन मंदाकिनीच्या शेजारी बसवले आणि चार पावले मागे सरकला. मग त्याने खिशातून तेलाची बाटली काढली.

“अरे, काय करतोयस हे?” यमुनाबाई कुजबुजल्या.

“आई, हलू नकोस. नवी घेताना जुनी शेजारी ठेवून बघायची असते.”

रंगनाथरावांचा हात काठीकडे गेला. मंदाकिनीने एकवार यमुनाबाईंकडे पाहिले, एकवार बाटलीकडे पाहिले आणि चहाचे कप गोळा केले.

“बाबा,” ती म्हणाली, “जुनी अजून धड आहे. ह्यांना नवीची गरज नाही.”

यमुनाबाई घाट पायी उतरल्या. मागून गाडी येत होती आणि खिडकीतून गुणवंत हाका मारत होता. क्लच उत्तम चालत होता.