ठकूआईचा पन्नास हात दोर

ज्या वाटेवरून कधी कुणी चाललंच नाही, ती किती लांब आहे हे सांगता येईल का तुम्हाला? कोंडवेढ्याच्या ठकूआईनं सांगितलं होतं, असं म्हणतात.

फार वर्षांमागची गोष्ट. ठकूआई घायपाताच्या वाखाचे दोर वळायची. तिनं पीळ दिला की वाख मधमाशीसारखा गुणगुणायचा, असं म्हणतात. तिची सून सारजा मध काढण्यात पटाईत. नदीच्या पात्रात एक उभा सुळका होता. त्याच्या माथ्यावर पिंपरणीचं झाड होतं आणि झाडाला मधाची पोळी. एका सकाळी सारजा कोरड्या पात्रातून जाऊन सुळक्यावर चढली, आणि मागे डोंगरात ढग फुटला. बघता बघता पुरानं सुळक्याला वेढा घातला.

त्या नदीचा पूर आठ-आठ दिवस उतरत नसे. घरात सारजाची चार महिन्यांची लेक दुधावाचून रडत होती. सारजा मधावर दोन दिवस तगली. आधी ती पदर हलवायची. तिसऱ्या दिवशी नुसता हात हलला.

सुळक्याच्या माथ्यापासून काठावरच्या वडाच्या बुंध्यापर्यंत दोर ताणला, तर ती घसरत येऊ शकली असती. पण दोर किती लांब हवा? सुळका तीस हात उंच, कारण माथ्यावरून मध खाली सोडायला सारजाला तेवढाच दोर लागे. सुळक्याच्या पायथ्यापासून वड चाळीस हातांवर. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात ठकूआई त्या दोहोंमध्येच दोर ताणत असे, म्हणून ते माप तिला पाठ होतं.

दादजी पाटील म्हणाले, "चाळीस न् तीस, सत्तर झाले. सगळ्या गावात वाख निघाला छपन्न हातांपुरता. उरलेलं काय लुगड्यानं जोडतेस, ठकू?"

"पाटील, तुम्ही आधी नदी ओलांडताय, मग सुळका चढताय," ठकूआई म्हणाली. "दोर कशाला एवढा वळसा घालील? तो तिरका जाईल."

"तिरकं मोजायला कोण गेलंय तिथं?"

ठकूआई आपल्या दाराशी बसली. उंबऱ्यावर तिनं चार विती मोजून कोळशानं खूण केली. चौकटीच्या उभ्या लाकडावर तीन विती. दोन्ही खुणांमध्ये सुतळी ताणली आणि ती मोजली. बरोबर पाच विती भरली.

"एका वितीचे दहा हात धरा," ती म्हणाली. "पन्नास हात दोर, सहा हात गाठींना. बसा वळायला."

सूर्य कलायच्या आत दोर तयार झाला. गोफणीच्या धोंड्याला बारीक सुतळी बांधून भिरकावली. सारजानं सुतळीमागून दोर वर ओढला, पिंपरणीला बांधला; दुसरं टोक गावकऱ्यांनी वडाला आवळलं. दोराबरोबर आलेला लाकडी आकडा दोरावर अडकवून ती लोंबकळली. खाली लाटा उसळत होत्या, पण दोर जिथून गेला तिथं पाणी दबून राहिलं, असं म्हणतात. दोन्हीकडे गाठी बांधल्यावर दोर बोटभरही उरला नव्हता.

आजही कोंडवेढ्यात नव्या घराची चौकट बसली की बायका वाखाची दोरी घेऊन येतात. उभ्या लाकडावर तीन विती, उंबऱ्यावर चार. मधली दोरी पाच भरली तरच चौकट सरळ. नाही भरली, तर सुताराला नारळ मिळत नाही. त्या दोरीला ठकूआईच म्हणतात.

आणि त्या वर्षी, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर तसाच होता. सारजा ओट्यावर बसून लेकीला पाजत होती.