सोळा पायल्यांचा साखरभात

एका राज्यात मणिधर नावाचा राजा होता आणि त्याच्या मुदपाकखान्यात केरोबा नावाचा आचारी होता. चौघांपुरता, चिपटंभर तांदळाचा साखरभात करावा तर केरोबानेच! राजा त्यावर इतका खूश झाला, की त्याने एक हजार चोवीस पाहुण्यांना जेवायला बोलावलं. केरोबाने सगळ्या जिनसा दोनशे छप्पन पट केल्या. तांदूळ, साखर केली ते ठीक. पण अहो, लवंगाही तेवढ्याच पटीने आणि पाणीही! भाताचा झाला लगदा, आणि पहिला घास गेला पाहुण्यांतल्या धूम्रकेत मांत्रिकाच्या तोंडात.

"माझी जीभ बधिर केलीस!" मांत्रिक गरजला. "जा, भारद्वाज पक्षी हो. रोज थोडे थोडे शब्द विसरशील. शेवटचा विसरलास, की रानात उडून जाशील तो कायमचा."

केरोबाची बायको भिवरा. पक्ष्याला खांद्यावर घेऊन ती मांत्रिकाचा डोंगर चढली, तेव्हा केरोबापाशी तीनच शब्द उरले होते: मीठ, चूल आणि भिवरा.

"उःशाप द्या महाराज," ती म्हणाली.

"तीन कामं कर. रोज एक. पहिलं, या मुंगीला एका दाण्याचा साखरभात रांध. चव तीच हवी."

आता एका दाण्याला लवंग किती घालणार? भिवराने डोकं धरलं नाही. दाणा थेंबभर पाण्यात शिजवला, साखरेचा कण विरघळवला. लवंग ऊन तुपात बुडवून काढली आणि त्या तुपाचा ठिपका दाण्यावर सोडला. मुंगीने खाल्लं आणि विचारलं, "आणखी आहे का?"

त्या संध्याकाळी पक्षी 'मीठ' विसरला.

दुसऱ्या दिवशी मांत्रिकाने तांदळाची रास दाखवली, हातात एक चिपटं दिलं आणि समई लावली. "वात विझायच्या आत सोळा पायल्या मोजून दे. दुसरं माप मिळायचं नाही."

दुसरी कुणी असती तर चिपट्याने दोनशे छप्पन वेळा मोजत बसली असती. भिवराने रिकामी घागर घेतली, सोळा चिपटी आत ओतली आणि तांदूळ जिथवर आला तिथे चुन्याची रेघ ओढली. झाली पायली! मग रेघेपर्यंत आणखी पंधरा घागरी. वात अजून बोटभर जळायची होती. वा रे बाई, तुझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळाव्यात!

त्या संध्याकाळी पक्षी 'चूल' विसरला. भिवरा पदरात तोंड घालून रडली. उद्या तो तिलाच विसरणार होता.

तिसऱ्या दिवशी मांत्रिक म्हणाला, "याच तांदळाचा तोच भात, तेवढ्याच पाहुण्यांना पुरेल एवढा रांध."

साखर तिने पटीने घेतली. पाण्याला मात्र हात आखडला, कारण मोठ्या हंड्यात वाफ कोंडते, पाणी आटत नाही. हिशेबाने लवंगा पाचशे बारा होत होत्या. तिने शंभर टाकल्या, वास घेतला. आणखी पन्नास टाकल्या, वास घेतला. दोनशेवर थांबली. भात मोकळा झाला, दाणा दाण्याला चिकटला नाही.

सूर्य टेकत होता. पक्ष्याने पंख पसरले आणि चोच उघडली, "भिव..." पुढचं त्याला आठवेना.

"महाराज, घास घ्या!" ती ओरडली.

मांत्रिकाने घास घेतला. त्याची बधिर जीभ जागी झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तू माझा शाप जिरवलास," तो म्हणाला.

पिसं गळाली. केरोबा उभा राहिला. "भिवरा," तो म्हणाला, आणि मागोमाग सगळे शब्द धावत आले. "लवंगा किती घातल्यास गं?"

"दोनशे."

"मी पाचशे बारा!"

"तुमचा हिशेब चोख होता हो," ती हसत रडत म्हणाली. "वास तेवढा घ्यायचा राहिला."

राजाने मुदपाकखान्याच्या किल्ल्या भिवराच्या हाती दिल्या, आणि केरोबा तिच्या हाताखाली आनंदाने लवंगा निवडू लागला. चिपट्यात मावली ती कहाणी, पायलीभर माणसांना पुरली.