बुडबुड्यांचे फोटो

रसायनांच्या कारखान्याचे मालक अप्पासाहेब वाघचौरे यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. कारखान्यातल्या पोलादी टाकीत द्रवातून वायूचे बुडबुडे सोडत. ते मध्येच कुठेतरी अडत आणि सगळा माल बिघडे. पोलादाच्या आत बघणार कसे? म्हणून संशोधक यामिनी घाटपांडे यांनी सेकंदाला हजार फोटो काढणारे एक्स-रे यंत्र चाचणीसाठी आणले.

"बुडबुड्यांचे हजार फोटो?" वड्यांची बशी पुढे ओढत अप्पासाहेब गरजले. "अहो बाई, दवाखान्यात एका एक्स-रेवर मोडलेलं हाड कळतं. एकात भागवा, नाहीतर यंत्र उद्या परत!"

तेवढ्यात अप्पासाहेबांनी अख्खा वडा तोंडात कोंबला. यामिनीबाईंनी झटकन मोबाइलवर फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले!

"कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या अंकावर हाच छापू या. एक पुरे ना?"

"अहो, मी काय दिवसभर असा दिसतो?"

"हाड जागचं हलत नाही, अप्पासाहेब. बुडबुडे मात्र तुमच्यासारखे, क्षणाक्षणाला वेगळे दिसतात."

अप्पासाहेब खो खो हसले. "राहू द्या तुमचं यंत्र. पण तो फोटो आधी पुसा!"