दारातल्या कासवाचे दात

विषय : श्री. ऋषी बावणे यांस मठात दीक्षा देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज; त्यावर विश्वस्त मंडळाचा शेरा, “अर्जदाराचे देवक मगर. मगर मांसाहारी. सबब दीक्षा सात्त्विक राहील किंवा कसे, याचा विचार व्हावा”, आणि मठाच्या दारातले दगडी कासव.

उपरोक्त विषयास अनुसरून जे घडलं ते असं.

“कासव नाही, तर मग काय आहे हे?”

अवघडबुवांनी विचारलं आणि पाटावर जरा पुढे सरकून त्या दगडाकडे पाहिलं.

बुवांचं दीक्षेचं नाव वेगळं होतं. शांती, आनंद, स्वरूप असे दोन-तीन शब्द त्यात होते. पण प्राणहिता नदीच्या दोन्ही काठांवर त्यांना अवघडबुवाच म्हणत. सोप्या प्रश्नाला ते सोपं उत्तर देत नसत, आणि अवघड प्रश्नाला मुळीच देत नसत.

“मगरीचा नातेवाईक आहे, बुवा,” ऋषी म्हणाला.

तो उंबरठ्याबाहेर पडवीत बसला होता, बुवा उंबरठ्याच्या आत. दोघांच्या मध्ये, पडवीच्या फरशीत अर्धवट रुतलेलं, ते कासव. मठात शिरणारा प्रत्येक जण त्यावर डोकं टेकवूनच आत जाई. कासवाला डोकं नव्हतं, पाय नव्हते, नुसती पाठ होती. पूज्य व्हायला डोकं लागतंच असं नाही. कचेरीत ज्यानं नोकरी केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

“नातेवाईक म्हणजे? मामा की मावशी?”

“चुलत घराणं. वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीचं.”

“इतकं लांबचं नातं लोक लग्नपत्रिकेतही घालत नाहीत रे.”

ऋषी हसला नाही. तो नागपूरला भूगर्भशास्त्र शिकून आला होता. शिवाय त्याच्या मनासारखा पुरावा त्याच्या हाती लागला होता. अशा वेळी माणसाला विनोद कळत नाही.

“बघा ना,” तो दगडावरून बोट फिरवत म्हणाला. “कासवाची पाठ घुमटासारखी असते. ही तशी आहे का? ह्या दगड झालेल्या हाडाच्या चौकोनी फरश्या आहेत. ओळीनं बसवलेल्या, एकीची कड दुसरीवर चढवून. घरावरच्या कौलांसारख्या. आणि प्रत्येकीवर हे खळगे. अशी पाठ असणाऱ्या प्राण्याला आमच्यात एटोसॉर म्हणतात.”

“तुमच्यात?”

“म्हणजे… भूगर्भशास्त्रात.”

“असं होय. मला वाटलं, घरी.”

 ऋषी ते कानाआड करून पुढे सांगू लागला.

तेव्हा डायनोसॉर नुकतेच आले होते. अंगानं लहान, काठाकाठानं वावरणारे, नव्यानं लागलेल्या उमेदवारांसारखे. कायम व्हायला त्यांना अजून अवकाश होता. मोठ्या जागा सगळ्या मगरीच्या भाऊबंदांनी अडवलेल्या होत्या. शिकार करणारे तेच. दोन पायांवर धावणारे तेच. आणि…

इथे ऋषीनं आवाज खाली आणला.

“आणि पाला खाणारेही तेच.”

“पाला?”

“पाला, बुवा. मुळं, कंद. डुकरासारखं वर वळलेलं नाक, माती उकरायला. बारीक दात, पानाच्या आकाराचे. अंगावर एवढं चिलखत, ते दुसऱ्याला खाण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्यानं आपल्याला खाऊ नये म्हणून.”

“मंडळातले पुष्कळ लोक असेच आहेत,” बुवा म्हणाले. “पुढे?”

“पुढे काय! आज पंगतीच्या आधी सगळे जमले की मी उभा राहणार. सांगणार, की तुम्ही रोज ज्याच्यावर डोकं टेकवून आत जाता, ते माझं देवक आहे. आणि ते पाला खायचं. आता सांगा, तुमचा शेरा कुठे राहिला?”

हे वाक्य त्यानं घरी आरशासमोर म्हणून पाहिलं असावं. शेवटी त्याची हनुवटी बरोबर वर गेली.

खरं तर त्याचं मागणं मोठं नव्हतं. बुवांचं निरूपण त्यानं लहानपणापासून ह्याच पडवीत बसून ऐकलं होतं. आता ते आत बसून ऐकायचं होतं. त्याचे वडील नावाडी. मठाची माणसं, मठाचा तांदूळ, मठाच्या समया, सगळं त्यांच्याच नावेतून नदी ओलांडून आलं. ते स्वतः मात्र जन्मभर पडवीत जेवले आणि पान उचलून गेले. ते वारले त्या वर्षी ऋषीनं अर्ज केला. नाव ऋषी ठेवताना आईवडिलांनी मंडळाची परवानगी घेतली नव्हती, एवढी एक अनियमितता सोडली तर अर्जात खोट नव्हती.

बुवांनी वाकून दगडावरून हात फिरवला.

“चोख आहे,” ते म्हणाले.

ऋषीचा चेहरा उजळला.

“फक्त दात दाखव.”

“कोणाचे?”

“ह्याचे.”

“ह्याचे… ह्याचं डोकं मिळालेलं नाही, बुवा. नुसती पाठ आहे.”

“हो का. मग हा पाला खायचा, हे तुला कोणी सांगितलं?”

“ते उघडच आहे. ह्याच्या घराण्यातले बाकीचे…”



“बोल की. ह्याच्या घराण्यातले बाकीचे?”

आत कोणीतरी पत्रावळी मांडत होतं. त्यांची सळसळ ऐकू येत होती.

“घराण्यावरून ठरवलं मी,” ऋषी म्हणाला.

“आबासाहेबांनीही तसंच ठरवलं. त्यांनी निदान मगरीचे दात पाहिलेत.”

आबासाहेब म्हणजे मठाचे कार्यवाह. शेरा त्यांच्याच हातचा होता.

“पण बुवा, शास्त्रात असं अनुमान चालतं!”

“चालतं ना. दगडाच्या बाबतीत चालतं.”

…

“आणि समज,” बुवा म्हणाले, “उद्या तू खणलंस. डोकं निघालं. दात निघाले, आणि ते मासे खाणाऱ्याचे निघाले. मग अर्ज मागे घेशील?”



अर्ज केल्यापासून ऋषी घरी वेगळ्या चुलीवर शिजवून खात होता. सकाळी आईनं मरळ माशाचा रस्सा टाकला, तेव्हा तो उठून बाहेर अंगणात गेला होता. असं काऊन करतोस, असं आईनं कधी विचारलं नव्हतं. कारण तिला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

“काऊन रे?” बुवा म्हणाले. “गप्प झालास.”

तेवढ्यात दाराआडून टाळी वाजली. आबासाहेब बाहेर आले. चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं झाल्याचा आनंद होता. ते दाराआड उभे राहून ऐकत होते. ह्याला ते देखरेख म्हणत.

“वा, बावणे! वा! हे आधी नाही का सांगायचं? पाला खाणारी मगर! अहो, मग अडचण कुठे राहिली?”

“आबासाहेब, याचे दात…” ऋषी म्हणू लागला.

“दातांचं सोडा हो! दात कोण मागतंय? इथे कोणाला दात आहेत? मंडळाला कागद लागतो.” त्यांनी खिशातून ऋषीचा अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. “इथे खाली दोन ओळी लिहा. ‘आमचे देवक प्राचीन काळची शाकाहारी मगर असून, हल्लीच्या मगरीशी आमचा कोणताही संबंध नाही.’ खाली सही. संपलं. मी पण उगाच आडवा येणारा माणूस नाही, बावणे. तुमचे वडील किती भले! आजच आत बसा पंगतीला. माझ्या शेजारी बसा. पान वाढायला सांगू?”

त्यांनी अर्ज आणि पेन पुढे केलं.

ऋषीनं दोन्ही घेतलं.

उंबरठ्यातून आतली पंगत दिसत होती. दोन्ही बाजूंना ओळीनं पत्रावळी, मधून वाढपी वाकून चाललेला. आबासाहेबांच्या पानाशेजारचं एक पान रिकामं होतं. ऋषीनं त्याकडे पाहिलं. मग अर्जाकडे पाहिलं. पेनाचं टोक कागदाला लागलं, आणि तिथेच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बुवा डोळे मिटून बसले होते. निदान तसं दिसत होतं.

“काय अडलं?” आबासाहेब म्हणाले. “‘शाकाहारी’ कसं लिहायचं ते विसरलात की काय?”

ऋषीनं पेनाचं टोपण लावलं.

“संबंध आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“हल्लीच्या मगरीशी. आमचा संबंध आहे. तीच आमचं देवक. ती मासे खाते. माझी आई मासे खाते. माझे वडील खायचे, आणि त्याच हातांनी वल्हवायचे. त्या नावेतनं आलेला तांदूळ तुम्हाला बाधला नाही. ह्या दगडानं काय खाल्लं ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मी खोटं बोलणार होतो… ते आता बोलणार नाही.”

“अहो, पण मी तुमच्यासाठी वाट काढतोय!”

“वाट कशाला काढता? दार आहे ना इथे.”

आबासाहेबांनी बुवांकडे पाहिलं. बुवांचे डोळे मिटलेलेच होते.

“मग अर्ज फेटाळावा लागेल,” आबासाहेब कोरड्या आवाजात म्हणाले.

“फेटाळा. उद्या परत देईन.”

“दुरुस्ती करून?”

“हाच. एक अक्षर बदलणार नाही.”

“तोही फेटाळला तर?”

“परवा देईन.”

“असं किती दिवस चालायचं, बावणे?”

“आमचं कूळ जुनं आहे, आबासाहेब,” ऋषी म्हणाला. “आम्हाला घाई नसते.”

त्यानं अर्ज त्यांच्या हातात ठेवला. उठून जाईल असं वाटलं, पण तो गेला नाही. पडवीच्या मधोमध, दारासमोर, मांडी घालून बसला. आत जाणाऱ्याला त्याला वळसा घालावा लागेल असा. वडील बसायचे कोपऱ्यात, खांबाच्या आड. हा तिथे बसला नाही.

“हा हट्ट आहे,” आबासाहेब म्हणाले.

“हो,” ऋषी म्हणाला.

आत घंटा वाजली. भात वाढून झाला होता. वरण आलं, वरणावर तूप आलं. मठाची रीत अशी, की बुवा पाट घेऊन पंगतीत बसतात, भात कालवतात, पहिला घास उचलतात, मग पंगत पानाला हात लावते. त्याआधी कोणी लावत नाही. विश्वस्त मंडळानं आजवर पुष्कळ रीती बदलल्या होत्या. ही बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं.

बुवांनी डोळे उघडले. गुडघ्यावर हात टेकून उठले. आबासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

“चला महाराज, चला. पान वाढलंय.”

बुवांनी वाकून आपला पाट उचलला, काखेत धरला आणि उंबरठा ओलांडला. बाहेरच्या बाजूला. पडवीत येऊन त्यांनी तो पाट ऋषीच्या शेजारी ठेवला, जरा हलवून सरळ केला, आणि त्यावर बसले.

ऋषी चटकन सरकू लागला.

“बस,” बुवा म्हणाले. “जागा पुष्कळ आहे.”

“महाराज… इकडे कुठे?” आबासाहेब दारात उभे होते. एक पाय आत, एक बाहेर.

 समोर नदी होती. पलीकडच्या काठावर लाल मातीची दरड होती. बुवा तिकडे पाहत राहिले.

आतली कुजबुज थांबली. सगळी पंगत माना वळवून दाराकडे पाहू लागली. कोणाचा हात पानाकडे गेला आणि तसाच मागे आला.

“महाराज, भात निवतोय…”

…

“महाराज, मंडळी सकाळपासून उपाशी आहेत. अर्जाचं जेवणानंतर बघू. मी सभा बोलावतो. आधी दोन घास…”

बुवांनी मान वळवली. आबासाहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि तो पहिल्यांदाच दिसल्यासारखं पाहिलं.

“अर्ज प्रलंबित आहे, आबासाहेब,” ते म्हणाले. “भातही प्रलंबित ठेवा.”